पेंटॅटॉनिकचे तक्ते छापताना त्यात स्वरांची नावेही छापावीत

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या सुट्टी विशेष पुरवणीत घरच्या घरी गिटार शिकू इच्छिणाऱ्यांसाठी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात पेंटॅटॉनिक स्केलचे (पाच स्वरांच्या क्रमाचे) पाच तक्ते दिले होते आणि हे तक्ते बोटांना बसले की कोणत्याही गाण्यावर सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायची सुरावट, वाजवता येतो, असे आश्वासनही दिले होते. मराठी वृत्तपत्रात गिटारसारख्या वाद्याला अर्धे पान मिळावे याचा मला, गिटारचे वर्ग घेणारा माणूस म्हणून, मनापासून आनंद झाला. तक्त्यांत एकही ठिपका चुकीच्या जागी नव्हता, हेही आधीच नमूद करतो. माझे म्हणणे ठिपक्यांच्या आत काय लिहिले होते, किंवा खरे तर काय लिहिले नव्हते, त्याविषयी आहे. कोणत्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या कोणत्या पडद्यावर, बोट ठेवायचे हे त्या तक्त्यावरून समजते. पण त्या बोटाखाली कोणता स्वर आहे, षड्ज (सा) कुठे आहे आणि कोणत्या स्वरावर थांबले असता कानाला विसावा मिळतो, याचा पत्ता लागत नाही. ज्या वाचकाच्या कानात भूप, दुर्गा आणि मालकंस हे राग लहानपणापासून मुरलेले आहेत, त्याच्यापुढे हीच स्केल एखाद्या परक्या नकाशासारखी ठेवली जावी, हे मला खटकले आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पेंटॅटॉनिक म्हणजे पाच स्वरांची स्केल, आपल्या भाषेत औडव जातीची. गिटारच्या वर्गांत तिचे दोन प्रकार शिकवले जातात. मेजर पेंटॅटॉनिकचे स्वर सा, रे, ग, प, ध. हे सगळे शुद्ध, म्हणजे भूपाचेच स्वर. मायनर पेंटॅटॉनिकचे स्वर सा, कोमल ग, शुद्ध म, प आणि कोमल नि. हे धानी रागाचे स्वर. या दोन स्केल मुळात एकाच पाच स्वरांच्या आहेत, केवळ षड्ज बदललेला आहे, ही गोष्ट गिटारच्या पुस्तकात ‘रिलेटिव्ह मेजर-मायनर’ अशा नावाखाली एक स्वतंत्र प्रकरण घेऊन येते. आपल्याकडे मूर्च्छना (तेच स्वर ठेवून षड्ज बदलणे) हा शब्द ज्याने ऐकला आहे, त्याला ती एका वाक्यात कळावी. त्यासाठी गिटारही लागत नाही, गावातल्या भजनी मंडळाची हार्मोनियम पुरते. पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्या वाजवाव्यात. काळी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला, षड्ज मानले तर भूप ऐकू येतो, काळी चारला मानले तर मध्यमाद सारंगाचे स्वर मिळतात, काळी पाचला मानले तर मालकंस, काळी एकला मानले तर दुर्गा आणि काळी दोनला मानले तर धानी. पट्ट्या त्याच पाच; घर बदलले की वस्तीचा स्वभाव बदलतो. कित्येक पेटीवादकांना ही गंमत ठाऊक असते आणि ती ते मुलांना खेळ म्हणून दाखवतात. गिटारच्या तक्त्यांतले ते प्रसिद्ध पाच ‘बॉक्स’, म्हणजे ठिपक्यांच्या पाच आकृत्या, नेमके हेच आहेत. प्रत्येक बॉक्सची सुरुवात या पाच स्वरांपैकी एकेका स्वरापासून होते, आणि त्या सुरुवातीच्या स्वराला षड्ज मानून तो बॉक्स वाजवला की वर सांगितलेल्या पाचांपैकी एकेक राग समोर उभा राहतो. पाच आकृत्या पाठ करून महिनोन्महिने त्यांचा रियाझ करणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही, याचे मला नवल वाटते.

या स्केलचा एवढा बोलबाला का आहे, यालाही साधे कारण आहे. षड्जापासून पंचम (प) घ्यावा, त्या पंचमाचा पंचम म्हणजे रिषभ (रे), त्याचा पंचम धैवत (ध) आणि त्याचा गांधार (ग). षड्ज-पंचम भावाच्या साखळीतले हे पहिले पाच स्वर एका सप्तकात आणून ठेवले की भूप तयार होतो. सात स्वरांच्या शुद्ध सप्तकातून यात गळतात ते मध्यम (म) आणि निषाद (नि). शुद्ध सप्तकात ग-म आणि नि-सा या दोनच जोड्या अर्ध्या स्वराच्या अंतरावर असतात आणि म-नि हे सगळ्यांत अवघडलेले अंतरही या दोघांमुळेच येते. म्हणून हे दोन स्वर गेले की कानाला टोचेल असे एकही अंतर शिल्लक राहत नाही. कोणताही स्वर कोणत्याही स्वरानंतर वाजवा, विसंवाद होत नाही. चीनच्या जुन्या संगीतापासून स्कॉटलंडच्या लोकगीतांपर्यंत एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या प्रदेशांत ही स्केल भेटते. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी मुलांसाठी बांधलेल्या शिक्षणपद्धतीत झायलोफोनच्या पट्ट्या काढता-घालता येतात आणि सुरुवातीला मुलांसमोर पाच स्वरांच्याच पट्ट्या ठेवल्या जातात, म्हणजे वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकाच वेळी मनाला येईल ते वाजवले तरी कानावर हात ठेवण्याची पाळी येत नाही. हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांनीही आपल्या देशातल्या पाच स्वरांच्या लोकगीतांपासूनच मुलांना गायला शिकवावे असा आग्रह धरला होता. त्या पद्धतीत आधी गळा येतो आणि वाद्य मागाहून.

मात्र हाच गुण गिटारच्या विद्यार्थ्याला खड्ड्यात घालतो. काहीही वाजवले तरी चुकत नाही, म्हणून तो काहीही वाजवत राहतो. इंटरनेटवर बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचे तयार ध्वनिमुद्रण, लावायचा, पाचव्या फ्रेटवर ए मायनर पेंटॅटॉनिकचा (ए या स्वराला षड्ज मानून) पहिला बॉक्स धरायचा आणि खालून वर, वरून खाली बोटे धावडवायची, याला तो सोलो समजतो. पंधरा-वीस मिनिटे असे चालते आणि त्यात एकही वाक्य नसते. पालक खूश असतात, कारण बोटे वेगाने चालताना दिसतात. काही क्लासच्या जाहिरातींत तर वेगाचेच आकडे असतात, मेट्रोनोमवर (लय मोजून देणाऱ्या यंत्रावर) अमुक इतक्या गतीला इतक्या आठवड्यांत पोहोचवू, असे. गतीला माझा विरोध नाही. तानेला गती लागतेच. पण ज्याला चार स्वरांत एक वाक्य बोलता येत नाही, त्याच्या गतीचे करायचे काय, हा प्रश्न निदान शिक्षकाने तरी विचारावा.

पहिल्या बॉक्सचेच उदाहरण घेऊ, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो. सहाव्या म्हणजे सर्वांत जाड तारेवर पाचवे आणि आठवे फ्रेट, त्यापुढच्या तीन तारांवर पाचवे आणि सातवे, शेवटच्या दोन तारांवर पुन्हा पाचवे आणि आठवे. असे एकूण बारा ठिपके. या ठिपक्यांत ओळीने लिहा: सा ग, म प, नि सा, ग म, प नि, सा ग, यातले गांधार आणि निषाद कोमल. एवढे लिहिल्याबरोबर आकृती बोलू लागते. षड्ज तीन ठिकाणी आहे, सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटला, चौथ्या तारेवर सातव्या फ्रेटला आणि पहिल्या तारेवर पुन्हा पाचव्या फ्रेटला. म्हणजे वाक्य संपवायला तीन घरे आहेत, हे मुलाला दिसते. आता त्याच बारा ठिपक्यांत सहाव्या तारेच्या आठव्या फ्रेटला, म्हणजे सी या स्वराला, षड्ज म्हणा आणि नावे पुन्हा लिहा. ध सा, रे ग, प ध, सा रे, ग प, ध सा. बोटे हललेली नाहीत, आणि हातात भूप आहे. हा प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून करवून घेतो आणि दोन्ही वेळा सरगम तोंडाने म्हणायला लावतो. ज्याच्या घरी भजन होते किंवा ज्याच्या आईने-आजीने गाण्याच्या परीक्षा दिल्या आहेत, त्या मुलाचा चेहरा दुसऱ्या वेळेस बदलतो.

आता कुणी म्हणेल की मेजर पेंटॅटॉनिक म्हणजे भूप, एवढे सांगितले की काम झाले. तसे झाले तर आम्ही एका घोकंपट्टीच्या जागी दुसरी आणून ठेवली, असे होईल. भूप आणि देशकार हे दोन राग याच पाच शुद्ध स्वरांचे आहेत, तरीही ते दोन आहेत. भूपात गांधार वादी (सर्वांत महत्त्वाचा) आणि धैवत संवादी (त्याखालोखालचा). त्याचा जीव पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात, आहे, आणि तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायला जातो. देशकारात धैवत वादी आणि गांधार संवादी, सगळी वस्ती उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात, रिषभाशी फारशी सलगी नाही, आणि गाण्याची वेळ सकाळची. संगीतशास्त्रकार भातखंडे यांच्या वर्गीकरणात त्यांचे थाट, म्हणजे रागांचे मूळ गटही वेगळे, भूप कल्याणाचा आणि देशकार बिलावलाचा. स्वरांची यादी देऊन जर राग तयार होत असता, तर हे दोन राग कुणाला वेगळे ओळखता आले नसते. पण सा रे ग, रे सा, ध सा रे ग असे गांधारापाशी रेंगाळणारा गळा आणि वरच्या षड्जावरून धैवतावर येऊन तिथेच मुक्काम ठोकणारा गळा, हे दोन्ही गळे चांगल्या श्रोत्याला क्षणात वेगळे कळतात. पेंटॅटॉनिकचा उपयोग कसा करायचा या प्रश्नाचे माझ्या मते याहून चांगले उत्तर कुठल्याही गिटारच्या पुस्तकात नाही. स्वर पाचच, कोणत्या स्वरावर उभे राहायचे, कोणत्या स्वराला नुसते शिवून जायचे आणि कुठून वाक्य सुरू करायचे, एवढ्यावर सगळा खेळ आहे. ज्या विद्यार्थ्याला सोलो रटाळ होतो अशी तक्रार असते, त्याला मी सांगतो की आज फक्त गांधारावर वाक्य संपव, उद्या फक्त धैवतावर. आठवडाभरात त्याला नवी स्केल शिकण्याची घाई उरत नाही.

म्हणून सुरुवात बॉक्सपासून करू नये, एका तारेपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. पहिली तार मोकळी छेडावी आणि तिला षड्ज मानावे. त्याच तारेवर दुसरे, चौथे, सातवे, नववे आणि बारावे फ्रेट म्हणजे भूपाचे रे, ग, प, ध आणि वरच्या सप्तकातला षड्ज. मधूनमधून अंगठ्याने सहावी तार मोकळी छेडत राहावी. ती दोन सप्तके खालचा तोच स्वर देते, म्हणजे तंबोऱ्याचे काम भागते. एका तारेवर वाजवताना अंतरे डोळ्यांना दिसतात: दोन फ्रेट, दोन फ्रेट, मग तीनची उडी, पुन्हा दोन आणि पुन्हा तीन. बॉक्समध्ये हीच अंतरे सहा तारांवर विखुरतात आणि दिसेनाशी होतात. त्यातच गिटारच्या जुळणीत लगतच्या तारा एकमेकींपासून षड्ज-मध्यमाच्या अंतरावर असल्या तरी तिसरी आणि दुसरी तार मात्र षड्ज-गांधाराच्या अंतरावर जुळवलेली असते, त्यामुळे दुसऱ्या तारेवर आले की प्रत्येक आकृती एका फ्रेटने सरकते. एवढ्या एका कारणाने साधी रचना अवघड दिसू लागते आणि विद्यार्थी ती समजून घेण्याऐवजी पाठ करतो.

भूप बसला की त्याच तारेवर तिसरे, पाचवे, आठवे, दहावे आणि बारावे फ्रेट घ्यावे. हा मालकंस. यात पंचम वर्ज्य आहे, म्हणून गवई मालकंसासाठी तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात मिळवतात. गिटारवर ही सोय आयती आहे, कारण सहाव्या तारेला षड्ज मानले तर तिच्या शेजारची मोकळी पाचवी तार मध्यमच असते. या दोन तारा गुणगुणत ठेवून पहिल्या तारेवर मालकंसाचे स्वर लावले की इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचीही गरज भासत नाही. याच दोन मोकळ्या तारांत पाचवीला षड्ज मानले की सहावी आपोआप मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम होते, आणि पंचम असलेल्या रागांसाठी जोडी तयार होते. गिटार तयार करणाऱ्यांनी मालकंसाचा विचार करून ही जुळणी ठरवली असेल असे कुणी म्हणणार नाही, पण मिळालेली सोय वापरायला काय हरकत आहे? सहज आठवले म्हणून सांगतो, गिटारच्या सहाही मोकळ्या तारा मिळून जे पाच वेगवेगळे स्वर होतात ते स्वतःच एक पेंटॅटॉनिक स्केल आहेत. हार्मोनियमच्या पांढरी पाचला षड्ज मानले तर भूप आणि पांढरी तीनला मानले तर धानी. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी गिटार हातात घेतली नाही, त्याने नुसता तारांवरून हात फिरवला तरी भूपाचे पाचही स्वर वाजतात.

इथे शास्त्रीय संगीताचे शिक्षक एक रास्त आक्षेप घेतात, आणि त्याला बगल देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. गिटारचे पडदे सतारीसारखे सरकवता येत नाहीत. सप्तकाचे बारा समान भाग करून ते कायमचे ठोकलेले असतात. अर्ध्या स्वराचे अंतर शंभर सेंट मानले तर तंबोऱ्याच्या झंकारात आपोआप ऐकू येणारा शुद्ध गांधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, आणि गिटारचे चौथे फ्रेट देते ४००. भूपाचा वादी स्वरच चढा लागतो. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके हार्मोनियमला दूर ठेवले होते, त्यामागेही ठोकलेल्या स्वरांची हीच तक्रार प्रामुख्याने होती. पंचमाचा फरक जेमतेम दोन सेंटचा असल्याने तो कुणाला जाणवत नाही, गांधाराचा जाणवतो. आता तार ओढून, म्हणजे बेंड करून, स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही; तेव्हा चौथ्या फ्रेटवरचा चढा गांधार खाली आणण्याची सोय नाही. ज्याला तो खरोखर हवा असेल, त्याने तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवून तार ओढत चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे थांबावे. कोमल गांधाराची गोष्ट उलट आहे. नैसर्गिक कोमल गांधार ३१६ सेंटच्या आसपास, तिसऱ्या फ्रेटचा ३००. म्हणजे तो उतरा आहे आणि तार किंचित ओढली की जागेवर येतो. मालकंसाचा कोमल धैवतही असाच थोड्या ओढीने सुधारतो. त्यामुळे गिटारवर भूपापेक्षा मालकंस आणि धानी अधिक सुरेल लावता येतात, असे मला वाटते, आणि ज्यांच्या कानांना तंबोऱ्याची सवय आहे त्यांनी हे स्वतः पडताळून पाहावे. पडद्यांचा हा अडसरच नको म्हणून ब्रिजभूषण काबरा आणि त्यांच्यानंतर विश्वमोहन भट्ट यांनी गिटार आडवी ठेवून तारेवर सळई फिरवण्याचा मार्ग धरला, तो वेगळा आणि अवघड मार्ग आहे. पुरवणीतल्या लेखाचा विषय उभी धरून वाजवायची गिटार हा होता.

बेंड ही पेंटॅटॉनिक वाजवण्यातली सर्वांत महत्त्वाची कला आहे आणि तिच्याविषयी लेखात एकच ओळ होती. ए मायनरच्या पहिल्या बॉक्समध्ये तिसऱ्या तारेवरचे सातवे फ्रेट हा मध्यम आहे आणि दुसऱ्या तारेवरचे पाचवे फ्रेट हा पंचम. आधी पंचम वाजवावा, तो गळ्यातून म्हणावा, मग मध्यमावर अनामिका ठेवून मागे मधले बोट आणि तर्जनी टेकवून तार वर ढकलत पंचमापर्यंत न्यावी आणि दोन्ही तंतोतंत जुळतात का ते ऐकावे. बहुतेकांचा बेंड पंचमाच्या खालीच दम तोडतो आणि कुणी टोकत नाही, कारण तक्त्यात बेंडला ठिपका नसतो. ज्याने मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, ऐकली आहे त्याला कुठे पोहोचायचे ते ठाऊक असते, फक्त बोटांना बळ हवे. इथे पालकांसाठी एक व्यावहारिक सूचना करतो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच अकूस्टिक गिटारवर जाड तारांचा संच असतो, त्यातली तिसरी तार गुंडाळीची असते आणि तारा फ्रेटपासून बऱ्याच उंच असतात. अशा गिटारवर पूर्ण स्वराचा बेंड मोठ्या माणसालाही जड जातो. मुलाला जमत नाही म्हणून त्याला बोल लावण्याआधी वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून तारांची उंची कमी करून घ्यावी आणि हलका संच चढवावा. तोवर अर्ध्या स्वराच्या बेंडवर समाधान मानावे.

एवढे सगळे रागांविषयी लिहिल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी, नाहीतर ‘हे सगळे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत माझी गणना व्हायची. गिटारवरचे मायनर पेंटॅटॉनिक ज्या रूपात जगभर पसरले, ते रूप ब्लूजने घडवले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, १८६५मध्ये गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरच्या काही दशकांत, आफ्रिकी वंशाच्या कष्टकऱ्यांच्या शेतातल्या हाकांतून आणि कामाच्या गाण्यांतून हे संगीत उभे राहिले. त्यात मायनर पेंटॅटॉनिक वाजते ते मेजर सुरावटीच्या कॉर्डवर (एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या जुडग्यावर), आणि धानी रागाशी असलेले त्याचे साम्य इथेच संपते. ए सेव्हन या कॉर्डमध्ये शुद्ध गांधार असतो. वरून गिटार कोमल गांधार लावते. कागदावर ही चूक आहे. कानाला ती वेदना वाटते, आणि ब्लूजचा सारा भाव त्या वेदनेत आहे. म्हणूनच ब्लूज वाजवणारे तो गांधार थोडासा ओढून कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी अधांतरी ठेवतात. मध्यम आणि पंचम यांच्यामधला आणखी एक स्वर ते येता-जाता घेतात. त्याला ब्लू नोट म्हणतात आणि त्याच्यामुळे पाचाचे सहा स्वर होतात. त्यावर मुक्काम करायचा नसतो.

आणखी एक फरक असा की आपल्याकडे षड्ज अढळ असतो आणि तंबोरा त्याची सतत आठवण देतो. ब्लूजमध्ये पायाखालची जमीन सरकते. बारा मात्रांच्या नव्हे, बारा मापांच्या (माप म्हणजे चार मात्रांचा गट) आवर्तनात पहिली चार मापे ए सेव्हन, मग दोन मापे डी सेव्हन, पुन्हा दोन ए सेव्हन, एक ई सेव्हन, एक डी सेव्हन आणि शेवटी ए सेव्हनवर परत, हा त्याचा सर्वांत रूढ साचा. पहिल्या चार मापांत टोचणारा तो कोमल गांधार डी सेव्हन लागल्याबरोबर निवांत होतो, कारण तोच स्वर त्या कॉर्डचा घटक आहे. डी सेव्हन गेला की तो पुन्हा टोचू लागतो. एकच बोट, एकच फ्रेट, आणि अर्थ मात्र दोन. हे ऐकायला शिकणे म्हणजे पेंटॅटॉनिक वापरायला शिकणे, आणि त्यासाठी विद्यार्थ्याने सोलोच्या आधी बराच काळ त्या कॉर्ड स्वतः वाजवल्या पाहिजेत. मिसिसिपीत १९२५मध्ये जन्मलेले आणि २०१५मध्ये निवर्तलेले बी. बी. किंग यांचे वादन मी मुलांना मुद्दाम ऐकवतो. गाताना ते सहसा गिटार वाजवत नसत. गाण्याची एक ओळ संपली की ‘ल्युसिल’ हे लाडके नाव दिलेली त्यांची गिटार तिला उत्तर देई. त्या उत्तरात कधी चार, कधी पाच स्वर असतात, आणि मेजर व मायनर या दोन्ही पेंटॅटॉनिकचे स्वर त्यात सहज मिसळलेले असतात. पुरवणीतल्या तक्त्यांप्रमाणे हे मिश्रण नियमात बसत नाही. पण गायक श्वास घ्यायला थांबतो तसे त्यांचे वादन थांबते, आणि त्या थांबण्याने पुढच्या स्वराला वजन येते. आमच्याकडच्या मुलांना सवाल-जबाब ठाऊक आहे, तबला-सतारीचा आणि लावणीच्या फडावरचाही. त्यांना दोन मापे वाजवून दोन मापे गप्प बसायला सांगितले की ती लगेच बसतात. वेगाच्या नादाला लागलेली मोठी माणसेच गप्प बसत नाहीत.

ट्रिनिटी आणि रॉकस्कूल यांसारख्या परदेशी परीक्षामंडळांच्या अभ्यासक्रमांत पेंटॅटॉनिक स्केल आहे आणि ऐनवेळी सुचेल ते वाजवून दाखवण्याचा पर्यायही आहे. आपल्याकडे मात्र परीक्षेची तयारी करून घेताना स्केल सरळ-उलटी पाठ करून घेतली जाते आणि सुचण्याचा भाग सोडून दिला जातो, कारण तो शिकवायला वेळ लागतो आणि त्याला ठरावीक उत्तर नसते. दुसरीकडे, गाण्याच्या वर्गात भूप आणि दुर्गा उत्तम गाणारी मुलगी त्याच इमारतीतल्या गिटारच्या वर्गात येते तेव्हा पूर्णपणे कोरी समजली जाते. दोन्ही शिक्षक एकमेकांशी बोलतच नाहीत. गिटारच्या शिक्षकाला सरगम म्हणायचा संकोच वाटतो आणि गाण्याच्या शिक्षकाला गिटार म्हणजे स्नेहसंमेलनातली करमणूक वाटते. या दोघांनी महिन्यातून एकदा जरी एकत्र वर्ग घेतला, एकाने भूपातली चार वाक्ये गाऊन दाखवली आणि दुसऱ्याने ती मुलांकडून गिटारवर शोधून घेतली, तरी पुस्तकातल्या कितीतरी पानांचे काम होईल. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही की अनुदान लागत नाही.

पुरवणीत या लेखमालेचे पुढील भाग येणार असल्याचे म्हटले आहे. त्यासाठी संपादकांना माझी विनंती एवढीच आहे की यापुढे स्केलचे तक्ते छापताना प्रत्येक ठिपक्यात स्वराचे आद्याक्षर छापावे, कोमल स्वराखाली आपली नेहमीची आडवी रेघ द्यावी आणि षड्जाचे ठिपके भरीव काळे करावेत. पाच बॉक्सच्या पाच तक्त्यांऐवजी आरंभी एकाच तारेचा एक लांब तक्ता द्यावा, आणि त्याच्या शेजारी हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्यांचे छोटे चित्र. जागा तेवढीच लागेल. बेंडची खूणही त्यात बाणाने दाखवता येईल, कोणत्या स्वरापासून कोणत्या स्वरापर्यंत जायचे ते लिहून. तक्ते तयार करण्यासाठी मदत हवी असल्यास मी ती विनामोबदला करीन.

आपला विश्वासू,
गिटारचे वर्ग घेणारा एक वाचक,
सातारा